वहिनींच्या भट्टीवरचा कंट्रोलर

मी कंट्रोलर बोलतोय. नाव भारदस्त असलं तरी आहे मी तळहाताएवढाच. तोंडावर आकड्यांच्या दोन ओळी, खाली बटणं, पाठीला वायरी. वरची तांबडी ओळ सांगते, भट्टी आत्ता किती तापली आहे. खालची हिरवी ओळ सांगते, ती किती तापायला हवी. या दोघींत अंतर पडू द्यायचं नाही, हेच माझं जन्मभराचं काम.

माझा जन्म एका थंड, चकचकीत हॉलमध्ये झाला. तिथल्या बाईंनी मला उलटसुलट आकडे दाखवून पुष्कळ छळलं आणि मग पाठीवर ‘पास’चा शिक्का मारला. तिथून मी आलो तो थेट काचेच्या कारखान्यात. इथं प्रयोगशाळांसाठी चंबू बनायचे. नुकतीच घडवलेली काच आतून ताणलेली असते. म्हणून तिला सरकत्या पट्ट्यावर ठेवून लांबलचक भट्टीतून सावकाश न्यायचं आणि बेताबेतानं निवू द्यायचं. यात घाई झाली तर काच लगेच फुटत नाही. ताण पोटात घेऊन गुपचूप पुढं जाते आणि कधीतरी कुणाच्या तरी हातात फुटते.

मला पॅनेलमध्ये बसवलं मिस्त्रींनी. कारखान्यातली सगळी यंत्रं तेच सांभाळायचे. भट्टीवर काम करायची त्यांची बायको. तिला सगळे वहिनी म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा.

पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी तिला माझी ओळख करून दिली. “हे बघ, हा तीन गोष्टी बघतो. आत्ता किती फरक पडलाय, तो किती वेळ तसाच राहिलाय, आणि किती वेगानं वाढतोय. त्यावरून हीटरला किती जोर लावायचा ते ठरवतो.”

वहिनी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, “म्हणजे थेट सासूबाईच की! आत्ता काय चुकलं, आजवर काय काय चुकलं, आणि पुढं काय चुकणार!”

मिस्त्री इतके हसले की हातातला स्क्रू भट्टीखाली गेला. तेव्हापासून वहिनी मला ‘सासूबाई’च म्हणायच्या. सकाळी आल्या की माझ्या तोंडावरची धूळ पुसायच्या आणि विचारायच्या, “काय सासूबाई, आज मूड कसा आहे?” मी आपला आकडा दाखवायचो. माझ्याकडं दुसरं होतं काय?

भट्टीशेजारी हवा खेळवणारा एक मोठा ब्लोअर होता. त्याची घरघर दिवसभर चालायची. वर्षं गेली तशी ती घरघर वहिनींच्या कानात शिरली आणि बाकीचे आवाज तिनं एकेक करून बाहेर काढले. लोक बोलायला लागले की वहिनी त्यांच्या ओठांकडं बघायच्या. हसतमुख असल्यामुळं कुणाला संशय आला नाही.

मिस्त्रींना मात्र कळलं. घरी दारावरची बेल वाजत राहायची आणि वहिनी शेजारी बसून भाजी निवडत राहायच्या. एका दुपारी ते माझ्यासमोर त्यांना म्हणाले, “अगं, साहेबांना सांगून टाकू या.”

“सांगितलं तर मला भट्टीवर उभं करतील का ते?”

नियम तसाच होता. ऐकू न येणाऱ्यानं भट्टीवर काम करायचं नाही. मिस्त्रींनी पक्कड उचलली. मग त्यांनी माझ्या बझरच्या जोडणीतून एक वायर काढली आणि पट्ट्याच्या टोकाला, वहिनी चंबू उतरवायच्या तिथं, बरोबर त्यांच्या नजरेसमोर तांबडा दिवा टांगला. फरक फार वाढला आणि मी बझर वाजवून ओरडलो की दिवा लागायचा. दिवा लागला की वहिनी धावत यायच्या. कुणाला न विचारता केलेलं काम होतं ते, पण आमचं तिघांचं छान जमलं.

आणि एके दिवशी मिस्त्री कामावर आलेच नाहीत. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत, असं पॅकिंगच्या बायका डोळे पुसत एकमेकींना सांगत होत्या.

वहिनी रजेवर असताना नवा इलेक्ट्रिशियन आला. माणूस कामाचा, टापटिपीचा. पॅनेल साफ करताना त्याला ती वायर दिसली. “ही कसली लोंबती वायर? नकाशात तर नाही,” असं म्हणून त्यानं ती कापली आणि दिवा उतरवला. त्याचं तरी काय चुकलं?

वहिनी परतल्या. दिव्याच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिल्या. दिवा मागायचा तर तो कशाला हवा हे सांगावं लागणार आणि कुणी लावला हेही सांगावं लागणार. त्या दिवसापासून त्या हातातलं काम थांबवून सारख्या मान वळवून माझ्याकडं बघायला लागल्या.

मग तो दिवस आला. भट्टीतला एक हीटर जळाला. तांबडी ओळ खाली घसरायला लागली. मी उरलेल्या हीटरना पूर्ण जोर लावायला सांगितलं, तरी ओळ घसरतच राहिली. मी बझर वाजवला. वहिनींची पाठ माझ्याकडं होती. चंबू दाटीनं येत होते आणि त्यांचे दोन्ही हात गुंतले होते. मी ओरडत राहिलो. पॅकिंगमध्ये माझा आवाज ऐकू गेला, पण “वहिनी आहेत ना तिथं” म्हणून कुणी उठलं नाही. त्या वळल्या तोवर बरेच चंबू ताण पोटात घेऊनच पुढं पॅकिंगला निघून गेले होते.

त्यातला एक पॅकिंगमधल्या बाईच्या हातात फुटला. जखम खोल होती. टाके पडले, पण तिची दोन बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत.

साहेबांनी वहिनींना माझ्यासमोरच विचारलं, “बझर वाजत होता, वहिनी. सगळ्यांनी ऐकला. तुम्ही का नाही आलात?”

वहिनी त्यांच्या ओठांकडं बघत होत्या. “लक्ष नव्हतं माझं.”

“इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. काही अडचण आहे का? मोकळेपणानं सांगा.”

“काही नाही. लक्ष नव्हतं.”

साहेब गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. “खरं सांगितलं तर म्हणतील, मिस्त्रींनी लपवलं,” त्या पुटपुटल्या. “तिची बोटं माझ्यामुळं गेली. ते माझ्या डोक्यावर असू दे. गेलेल्या माणसाला कुणी नावं ठेवायला नकोत.”

सगळं खरं मला ठाऊक होतं. पण मला आकड्यांपलीकडं काही बोलता येत नाही. काय आहे आणि काय हवं होतं, यातला फरक मी क्षणोक्षणी मोजतो. त्या दिवशी तो मोजवला नाही.

हलगर्जीपणाचा ठपका ठेवून वहिनींना कामावरून काढलं. निघताना त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. काही विचारलं नाही. दुरुस्तीसाठी भट्टी बंद होती, ब्लोअरही थांबलेला होता. कारखान्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

त्या दाराकडं चालायला लागल्या. तेवढ्यात साहेब आले. कोपऱ्यात राहिलेली वहिनींची छत्री उचलून त्यांनी हाक मारली, “वहिनी, छत्री राहिली.”

वहिनी चालत राहिल्या.

“वहिनी!”

आवाज भिंतीवर आपटून परत आला. साहेब अजून मोठ्यानं ओरडले. वहिनी त्याच संथ चालीनं दाराबाहेर पडल्या. साहेब छत्री हातात घेऊन तिथंच उभे राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. मग ते धावले. थोड्या वेळानं परत आले, ते एकटेच. छत्री त्यांच्या हातातच होती. आपल्या खोलीत न जाता ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिले.

पुढं भट्टीला मोठ्या स्क्रीनचं नवं यंत्र आलं आणि मला काढून स्टोअरच्या फळीवर ठेवलं. आता माझ्या दोन्ही ओळी विझल्या आहेत. वहिनी कुठं असतात, मला कुणी सांगत नाही. तुम्हाला कुठं भेटल्या, तर एवढं कराल? मागून हाक मारू नका. समोर जा, त्यांना तुमचे ओठ दिसू द्या आणि मग सावकाश बोला.