वासराचं दावं

केजच्या बसस्टँडमागं गुरुपादअप्पांचं किराणा दुकान आहे. वरच्या खोलीत त्यांची लेक कावेरी प्राचीन इजिप्तची चित्रलिपी कॉम्प्युटरवर आणायचं काम करायची. देवळांच्या भिंतींवरची चिन्हं तपासायची आणि कॉम्प्युटरच्या अक्षरयादीत नसलेल्या चिन्हाला स्वतंत्र क्रमांक द्यावा अशी शिफारस ती यादी ठरवणाऱ्या समितीकडे करायची. क्रमांक मिळाला की ते चिन्ह कुठल्याही मोबाइलवर उमटवता येतं.

एकदा गाय-वासराच्या दोन चिन्हांवर पुण्याच्या हरिओमसरांचा, म्हणजे तिच्या कामातल्या गटप्रमुखांचा शेरा आला : ‘एकच आहेत. दुसरं काढा.’ पहिल्यात वासरू पीत होतं. दुसऱ्यात ते गाईच्या पुढच्या पायापाशी उभं होतं, दोघांमध्ये एक बारीक रेघ होती. ती दगडाची चीर, असं सरांचं म्हणणं.

कावेरीला ते पटेना. तिनं आईला चित्र दाखवलं. शिवकांताबाईंनी चष्मा लावला.

“चीर कावून म्हणायलेत? दावं हाय ते. पान्हा फुटला की वासराला म्होरल्या पायाला बांदायचं. गाय त्याला चाटत ऱ्हाती, अन् आपण धार काढायची. हे वासरू पेत न्हाई.”

आईचा शब्द कावेरीला पुरेसा होता, सरांना पुरला नसता. तिनं त्याच भिंतीचा दुसऱ्या बाजूनं उजेड पाडून घेतलेला फोटो मागवला. दोन दिवसांनी फोटो आला आणि ती थेट गटाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलली.

“सर, चीर असती तर पायाच्या पलीकडेही गेली असती. ही रेघ पायाला दोन वेढे घालून थांबलीय. एक चिन्ह पाजण्याचं आहे, दुसरं दूध काढण्याचं. एकच क्रमांक दिला तर वाचणाऱ्याला फरकच कळणार नाही.”

हरिओमसर बराच वेळ फोटो मोठा करून पाहत राहिले.

“वेढे आहेत खरे. पण हे दूध काढणं आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

“माझ्या आईनं. चाळीस वर्षं धारा काढल्यात तिनं.”

“मग शिफारशीत त्यांचं नाव घाल. शेरा मी मागं घेतो.”

पुढच्या वर्षी समितीनं दोन्ही चिन्हांना वेगवेगळे क्रमांक दिले. कावेरीनं नव्या चिन्हाचं रेखाटन करून आईच्या हातात मोबाइल ठेवला. शिवकांताबाईंनी ते निरखून पाहिलं.

“कास लई बारीक काडलीस. पान्ह्यावरची गाय अशी दिसती व्हय?”

कावेरीनं भिंतीचा फोटो पुन्हा उघडला. आईचं बरोबर होतं. जेवायच्या आधी तिनं कास भरून घेतली आणि सुधारलेलं चिन्ह पुण्याला पाठवून दिलं.