हरिबाची हाळी

मी एक जुनी ऑडिओ फाइल आहे. माझी लांबी अकरा मिनिटं चाळीस सेकंद होती. 'होती' म्हणते आहे मित्रांनो, हे ध्यानात ठेवा.

लांबी ००:००

माझा जन्म आटपाडीकडच्या माळावर झाला. हरिबा मेंढ्या राखत होते. नात स्वप्नालीनं मोबाइल त्यांच्या तोंडापुढं धरला.

"आज्या, ओवी म्हण की."

"आगं, ह्या डबीला काय कळतीय ओवी?" हरिबा हसले, खोकले आणि गाऊ लागले. मधेच कळप भरकटला. त्यांनी जिभेनं चक्-चक् केलं आणि लांब हाळी दिली, हुर्रर्र हाऽ! पुढची मेंढी राणी वळली. तिच्यामागं सगळ्या वळल्या. ते सारं माझ्यात उतरलं.

लांबी ११:४०

पुढं हरिबा गेले. राणी कुणाचंच ऐकेना. एका संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, रंगुबाईंनी, मला लावलं. हाळी वाजली. राणी वळली!

तेव्हापासून रोज कळप मीच घरी आणत असे. रंगुबाई मोबाइल उंच धरत आणि म्हणत, "आली बगा तुमची लेकरं."

वर्षश्राद्धाला ओव्या स्पीकरवर लावायचं ठरलं. मोबाइल भरला होता, म्हणून स्वप्नालीनं मला पेन ड्राइव्हवर हलवलं. प्रत काढली नाही. हलवलं.

विट्याला विश्वजितचा छोटा स्टुडिओ आहे. ती मला तिथं घेऊन गेली.

"आवाज काचंवानी करून देतो," तो म्हणाला.

"मूळचा तसाच ऱ्हाऊ द्या हं, दादा."

"आगं व्हय, त्यो कुटं पळून जातोय!"

आणि त्यानं मलाच उघडलं.

लांबी ०९:०५

खोकला गेला.

लांबी ०६:३०

ओव्यांच्या मधला नुसता वारा गेला. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा गेल्या. दुखलं नाही. त्याचीच भीती वाटली.

लांबी ०४:०२

चक्-चक् त्याला खरखर वाटली. हाळी त्याला ओवीतला अडथळा वाटली. त्यानं ती निवडली. तेवढा भाग काळा पडला. मी ओरडले असते, पण माझ्याजवळ हरिबांशिवाय दुसरा आवाजच नव्हता.

पडद्यानं विचारलं, याच नावानं जतन करायचं? विश्वजित चहा पीत होता. त्यानं 'होय' दाबलं आणि सॉफ्टवेअर बंद केलं.

श्राद्धाला माझं लय कौतुक झालं. "हरिबा म्होरं बसून गातोय गड्या!" शेजारचे कोंडीबा म्हणाले.

"धनी खोकलं न्हाईत," रंगुबाई एवढंच बोलल्या.

मी मोबाइलमध्ये परत आले. दुसऱ्या दिवशी, दिवस कलताना, कळप कालव्याकडं सरकला. कालवा काठोकाठ भरून वाहत होता. रंगुबाईंनी मला लावलं. ओवी. ओवी. नुसती ओवी.

"हाळी कुटं गेली गं?"

"म्होरं आसंल आजी, थांब की." स्वप्नालीनं मला पुढं ओढलं, मागं ओढलं. मग तिचं बोट थांबलं.

राणीनं कान टवकारले. थोडा वेळ उभी राहिली. मग वळली ती कालव्याकडंच. तिच्यामागं सगळ्या.

मित्रांनो, मूळ फाइल उघडण्याआधी तिची एक प्रत काढा. दोन काढा. आणि जी तुम्हाला खरखर वाटते ती पुसण्याआधी घरच्यांना विचारा, ही कुणाची हाक तर नाही ना?

"परत लाव! परत लाव!" रंगुबाई कालव्याकडं धावताहेत. मी पुन्हा पहिल्यापासून वाजते आहे. चार मिनिटं दोन सेकंद. माझ्यात आता एवढीशीही खरखर नाही.