करंगळीची जागा

पॉलिशताईचा एक नियम होता आणि तो ती गिऱ्हाइकांच्या नाकावर टिच्चून पाळायची. गिटारवरचा ओरखडा भरायचा, खोक भरायची, पण वाजवून वाजवून पडलेली झीज भरायची नाही. "ती कमावलेली असते हो, तिला मी हात लावणार नाही," असं ठणकावून सांगायची. कोणी फारच हट्टाला पेटलं, तर सरळ दार दाखवायची.

असल्या खमक्या बाईने नियम मोडला तो कोणासाठी? धाकट्या भावासाठी. दुसरं कोण!

वडिलांची गिटार धाकट्याकडे होती. वाजवताना वडील उजवी करंगळी लाकडावर टेकवत, आयुष्यभर एकाच जागी. तिथलं पॉलिश उडून बोटाएवढं उघडं लाकूड दिसे. कडेला बारीक दातांचे व्रण होते. धाकट्याला दात येत होते तेव्हा तो वडिलांच्या मांडीवर बसून गिटारची कड चावायचा, आणि वडील ते व्रण येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. पुढे त्याचं सगळं ताईनेच केलं.

गेल्या महिन्यात तो गिटार घेऊन दुकानात आला.

"ताई, मोठा कार्यक्रम मिळालाय. स्टेजवर ही अगदीच भिकार दिसते गं. नवीकोरी करून दे ना."

"ओरखडे काढून देते."

"सगळंच काढ. करंगळी, दात, सगळं."

"अरे, बाबांची खूण आहे ती!"

"मग बाबा माझे नव्हते का?" असं म्हणून त्याने तिच्या गळ्यात हात टाकले. झालं! विरघळली बाई.

दातांच्या खळग्यांवर ओलं फडकं ठेवून तिने तापलेल्या इस्त्रीचं टोक टेकवलं. वाफ लागून दबलेलं लाकूड वर आलं. करंगळीच्या जागी घामाने काळवंडलेलं लाकूड घासलं, भुसा झाडला, मग लाखेचा थेंब सोडायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थेंब. पॉलिशचा शेवटचा बोळा फिरवताना तिला रडू आलं. पण हात मात्र खूश होते. इतकं सफाईदार काम तिने आजवर केलं नव्हतं.

आज गिटारची शिकवणी घेणारे एक सर आले. त्यांनी गिटारची पेटी उघडली आणि ताईने ओळखलं, बाबांचीच गिटार!

"नुकतीच घेतली," सर म्हणाले. "विकणारा शपथेवर सांगत होता, हिला कधी दुरुस्तीचा हात लागलेला नाही. वर म्हणाला, हवं तिथे दाखवा, फक्त त्या पॉलिशवालीकडे नेऊ नका, ती उगाच खोट काढते. म्हणून मुद्दाम तुमच्याकडेच आलो!"

पॉलिशवाली. सख्ख्या भावाच्या तोंडी ती पॉलिशवाली झाली होती!

तिने गिटार दिव्याखाली तिरकी धरली. मेलं, स्वतःचंच काम तिला दिसेना. डोळे मिटून तिने करंगळी नेमकी वडिलांच्या जागी टेकवली, आणि ती गुळगुळीत पॉलिशवरून घसरली.

"हात लागलाय," ती म्हणाली. "माझाच. गिटार माझ्या वडिलांची. विकणारा माझा भाऊ."

सर गडबडले. "अहो, मग तुम्हीच ठेवा ना! मी त्याच्याकडून व्यवहार मोडून घेतो."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण ठेवायचं काय? बाबांची करंगळी तिने स्वतःच घासून, झाडून, केराच्या डब्यात टाकली होती. धाकट्याने नुसती गिटार विकली असती, तर तिने भांडून, हातापाया पडून परत आणली असती. मेल्याने तिच्याच हातून बाबा पुसून घेतले होते.

"आवाज गोड आहे हिचा. तुम्हीच वाजवा," ती म्हणाली. "फक्त त्याला एक फोन लावा. पॉलिशवालीला खोट सापडली नाही, असं सांगा. तिनेच भरली होती म्हणावं."

सरांनी चाचरत फोन लावला, सांगितलं. मग फोनमधून बारीक आवाज आला, "ताई आहे का तिथे? ताई?"

सरांनी फोन पुढे केला. ताईने हात पुसले.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "ताई नाही इथे. पॉलिशवाली आहे."