गाडीनंच येतो

हुलसूरचे श्रीपतबुवा आमच्या गावी कीर्तनाला यायचे ते बंडेप्पाच्या गाडीतून. ठाणाकुशनूरच्या अलीकडं, सडकेपासून कोसभर आत आमचं गाव. चैत्रात महादेवाची जत्रा भरे आणि जत्रेच्या रात्री बुवा उभे राहत. मी मागं टाळ धरायचो. पूर्वरंगात बुवांनी अभंगाचं पहिलं चरण उचललं, की वर्षभराचा शीण कुठल्या कुठं जायचा. देवानं मला दोन कान दिले ते एवढ्यासाठीच, असं मला वाटे आणि अजूनही वाटतं.

बंडेप्पा लिंगायत. घरात कन्नड, शिवारात मराठी, बाजारात दोन्हीत थोडी दखनी मिसळलेली. बुवांना आणायला तो दोन दिवस आधी निघायचा, बैलांच्या कपाळाला इभूत फासून. येताना गाडी वेशीत थांबली की बुवा खाली उतरत, चांदीच्या डबीतला बुक्का काढत आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावायच्या आधी दोन्ही बैलांना टिळा लावत. पांढऱ्या इभुतीखाली काळा टिळा. मग गाव आधी बैलांच्या पाया पडे, नंतर बुवांच्या. बंडेप्पाच्या बापाच्या बैलांनाही हाच मान होता. बंडेप्पाजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि त्याला ते लागतही नव्हतं.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांत सडकेनं मोटार सुरू झाली. सकाळी औरादहून हुलसूरकडं जायची, दुपार कलली की परत यायची. गावाच्या तोंडाला नवा विषय मिळाला. ग्यानबा बिदर पाहून आलेला. त्याच्या मते आता बैल म्हणजे नुसता सरकीचा खर्च. म्हातारी सावित्रम्मा म्हणायची, औरादच्या गिरणीचं पीठ गरम येतंय, त्याची भाकर थापताना चिरा पडतात, तशीच ही मोटार. लवकर होणाऱ्या कामात कायतरी कच्चं राहातंयच. कुणाला हातातल्या बॅटरीचं कौतुक, कुणाला औरादच्या रेडिओचं. बंडेप्पाची बायको चंद्रम्मा मात्र एकाच गोष्टीवर अडून बसली. मोटारीला शेण पडत न्हाई, मग गवऱ्या कशाच्या थापायच्या, असं तिनं ग्यानबाला विचारलं.

त्या साली बुवांना आवतण द्यायला ग्यानबाच गेला, अर्थात मोटारीनं. परत येऊन त्यानं पारावर सांगितलं, की बुवा यंदा मोटारीनं यायला राजी आहेत, जत्रेच्या आदल्या दिवशी फाट्यावर उतरतील. पंचांनी बंडेप्पाला निरोप धाडला, की यंदा बैलांना विसावा दे. त्यानं चाकांना वंगण घालून, घुंगुरमाळा घासून ठेवल्या होत्या. निरोप ऐकून तो बरं म्हणाला आणि माळा खुंटीला अडकवल्या.

आदल्या दिवशी आम्ही टाळ-मृदंग घेऊन फाट्यावर गेलो. मोटार आली. एक तेली उतरला, एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन उतरली. बुवा नव्हते. मोटार धुरळा उडवत निघून गेली आणि सगळे ग्यानबाभोवती गोळा झाले.

"तू बुवांला काय म्हणलास, शब्दाला शब्द सांग," मी विचारलं.

"म्हणलो, बुवा, यंदा गाडीनं यायचं बरं का."

"मग?"

"म्हणले, गाडीनंच येतो की. दुसरं कशानं येणार?"

सावित्रम्मानं कपाळाला हात लावला. "आरं, गाडी म्हंजे बंडेप्पाची. मोटारीला गाडी कवापासून म्हणायलास तू?"

बिदरला सगळे तसंच म्हणत्यात, एवढंच ग्यानबा पुटपुटला. तिकडं हुलसुरात बुवा बोचकं बांधून गाडीची वाट पाहात बसले असणार. बैल आता जुंपले तरी कीर्तनाला पोचत नव्हते. उरली ती सकाळची मोटार. पण बुवा कधी मोटारीत बसलेले नव्हते, आणि ग्यानबाच्या सांगण्यावरून आता बसतील याचा भरवसा नव्हता. जायला हवं होतं बंडेप्पानंच.

दिवेलागणीला आम्ही त्याच्या ओसरीवर गेलो. ग्यानबानं मान खाली घालून चूक कबूल केली आणि गळ घातली. बंडेप्पा बैलांपुढं वैरण टाकत होता. आम्ही काय मागतोय ते आम्हाला कळत होतं. बुवांना एकदा मोटारीची गोडी लागली की दिवसभराचे गचके खात गाडीतून कोण येणार? मान जायचा होता तो त्याच्याच हातानं.

त्यानं उरलेली पेंढी सोडून टाकली. मग बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "कीर्तन बुडालं तर ह्यांच्या टिळ्याला काय अर्थ हाय? जातो."

सकाळी त्याच्यासंगं मी मोटारीत चढलो. बंडेप्पानं सवयीनं चाबूक आणला होता. उतार लागला की पठ्ठ्या पायानं फळी दाबून धरायचा आणि चढाला जीभ टाळूला लावून मोटारीला चुचकारायचा. ड्रायव्हर बिदरचा, मिशाळ आणि गमत्या. तो मागं वळून म्हणाला, "अण्णा, ये घास नई खाती."

"मग चढायलीय कशाच्या जोरावर?" बंडेप्पानं विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

हुलसुरात बुवा ओट्यावर बसलेले, बोचकं मांडीशी, डोळे गाडीवाटेकडं. आम्हाला उलट्या बाजूनं येताना पाहून ते उठून उभे राहिले.

"बंडेप्पा, बैल कुठं सोडलास?"

"घरी हायेत बुवा. मी मोटारीनं आलोय. तुमाला बी तिच्यातच न्यायचंय."

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं, चाबकाकडं पाहिलं आणि बोचकं उचललं.

पहिले काही मैल ते पुढचा दांडा घट्ट धरून रामनाम जपत होते. मग वारा लागला, हात सैल झाला. इंजिनाची घरघर त्यांनी ऐकली, मान डोलावली, आणि म्हणाले, ही बया काळी दोनच्या सुरात गातीय. त्यांनी तोच सूर धरून गजर सुरू केला. मी टाळ काढले. एक भाजीवाली बाई, दोन व्यापारी, क्लीनर, सगळी मोटार गाऊ लागली. एवढ्या आनंदाचा गजर मी देवळातही थोडाच ऐकला असेल. बंडेप्पाही गात होता, पण तोंड खिडकीबाहेर करून.

फाटा आला आणि मोटार थांबली. सडकेच्या कडेला गाडी उभी. चाकांना वंगण, बैलांच्या गळ्यात घासलेल्या माळा, कपाळाला ताजी इभूत. जुवाशी कासरा धरून चंद्रम्मा. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मागं अख्खं गाव.

बुवा उतरले. डबी काढून बैलांकडं निघाले, तसा बंडेप्पा आडवा आला.

"नको बुवा. यंदा ह्यांनी आणलं न्हाई तुमाला. फुकटचा मान कामून द्यायलाव? ज्यानं आणलं त्याला लावा."

बुवांनी मोटारीकडं पाहिलं, मग गावाच्या वाटेकडं. वाटेत ओढा, पुढं काळी माती.

"मोटार देवळापतूर येती का रे, बंडेप्पा?"

"न्हाई."

"मग मी अजून आलो कुठं?" बुवा म्हणाले. "देवाच्या दारात पोचवील त्याचा मान. इथनं आत मी बसणार गाडीतच. दरसाल."

त्यांनी दोन्ही बैलांना टिळा लावला. चंद्रम्मानं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच बैल हलला म्हणून त्याला रागं भरली.

ड्रायव्हर अजून गेला नव्हता. खिडकीतून वाकून म्हणाला, "महाराज, हमारी गाडी को भी लगाव ना."

बुवांनी डबी बंडेप्पापुढं धरली. बंडेप्पानं बुक्क्यात बोट बुडवलं, मोटारीच्या पुढं गेला आणि हे जनावर नेमकं कुठं कपाळ धरतं ते जरा शोधलं. मग दोन दिव्यांच्या मध्ये, तापल्या पत्र्यावर, टिळा लावला. बोट भाजलं तसं चटकन मागं घेतलं.

"तापट हाय," तो म्हणाला. "पर गुणाची हाय."

त्या रात्रीचं कीर्तन उत्तररंगात किती चढलं ते काय सांगू. नंदी आणि गरुड एका दारात भेटल्याची कथा बुवांनी तिथल्या तिथं रचली. हसून हसून लोकांचे टाळ चुकले. माझेही चुकले.

तेव्हापासून आमच्या गावात निरोप देताना बैलाची गाडी का मोटारगाडी, ते आधी विचारतात. नुसतं गाडी म्हणलं की अजून बंडेप्पाचीच.