कल्याणच्या बापाचं नाव

टेंभुर्णीच्या शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली आणि माजी विद्यार्थ्यांना स्मृतिशिळेची हुक्की आली. शाळेतून शिकून पुढे सैन्यात अधिकारी झालेले आणि लढाईत कामी आलेले जे कोणी असतील, त्यांची नावं कोरायची. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी इथं जन्मभर इतिहास शिकवला आणि सनावळी चुकली म्हणून पोरांना बाकावर उभं केलं. लग्नपत्रिकेत चूक झाली तर लग्न अडत नाही, दगडावरची चूक मात्र पतवंडांना वाचावी लागते, असं मी समितीला बजावलं. समितीनं चहा मागवला.

बाकीची नावं सहज जुळली. अडलं एकाच नावावर: सेकंड लेफ्टनंट कल्याण पुंजाराम अंधारे. डिसेंबर एकाहत्तरच्या लढाईत गेला. यादी फळ्यावर लागली आणि दोनच दिवसांत केदारखेड्याहून त्याची धाकटी बहीण आली. सोनूबाई, सत्तरी ओलांडलेली, ताठ कण्याची बाई.

"मास्तर, पुंजाराम आमचा मामा," ती म्हणाली. "बाप न्हाई. बापाचं नाव कडूबा मुरकुटे. दादाच्या नावापुढं तेच पायजे."

घडलं होतं ते आपल्याकडं घरोघरी घडायचं. केदारखेड्यात तेव्हा चौथीपर्यंतच शाळा, म्हणून पोरगं मामाकडं टेंभुर्णीला आलं. मामानं शाळेत नेलं, गुरुजींनी मुलाचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, मामानं स्वतःचं सांगून टाकलं. उगाच विचारपूस नको आणि पोरगं आपल्याच घरी जेवतंय. ते पुढं बी. ए. होईल, अधिकारी होईल आणि मरेल, हे कोणाच्या डोक्यात होतं?

पुरावा हवा म्हणून मी विद्यापीठात खेटे घातले. तिथल्या स्मरणपाटीवर पुंजाराम. सैन्याकडून उत्तर आलं, त्यात पुंजाराम. आपल्या शाळेच्या जुन्या पाटीवरही पुंजाराम. तीन साक्षी एकसारख्या, म्हणून मी बाईला नाही सांगायला निघालोच होतो. मग माझी मलाच लाज वाटली. विद्यापीठानं नाव शाळेच्या दाखल्यावरून घेतलेलं, सैन्यानं विद्यापीठाच्या पदवीवरून, आणि शाळेच्या पाटीनं सैन्याच्या तारेवरून. साक्षीदार तीन, पण बोलणारं तोंड एकट्या पुंजारामाचं. कडूबाच्या बाजूनं चिटोरंही नव्हतं.

समितीत पुंजारामाचा मुलगा माऊली होता. तो भडकलाच. "दादा माझ्या ताटात जेवला. आता माझ्या म्हातारपणी त्याला घराबाहेर काढून राह्यले का तुम्ही?" बहात्तर साली शाळेनं शहिदाच्या वडिलांचा सत्कार केला, तेव्हा शाल पुंजारामानं घेतली आणि कडूबा गर्दीत उभा होता. तेव्हापासून ही दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नालाही गेली नव्हती.

कागद गप्प असले की दोन माणसांना वेगवेगळं गाठून विचारावं. ती भांडलेली असली तर उत्तमच, कारण संगनमताची भीती नाही. मी आधी सोनूबाईला म्हटलं, कल्याण तुमच्या घरचा, हे दाखवणारं काहीही आठवा.

"लाडू," ती म्हणाली. "लढाई सरली म्हनून आईनं संक्रांतीला त्याच्यासाठी केल्ते. तीळ कमी पडले, मंग जवस घातलं. बापाच्या जुन्या फेट्याच्या तुकड्यात बांधले. पत्ता मामाकडंच होता, म्हनून मामाजवळ धाडायला दिले. फाल्गुनात मामा सांगत आला, दादा लढाईत गेला, तार उशिरा आली. आई म्हनायची, माझ्या हातचं खाऊन गेला. तेवढ्यावरच जगली ती."

दुसऱ्या दिवशी मी माऊलीला शेतावर गाठलं. फक्त एवढंच विचारलं, की केदारखेड्याहून कल्याणसाठी कधी काही आलं होतं का. तो बांधावर बसला.

"लाडू आल्ते," तो म्हणाला. "तिळात जवस होतं. गुलाबी फेट्याच्या फडक्यात. तार डिसेंबरातच आल्ती, मास्तर. बाप आत्याला सांगायला म्हनून गेल्ता, अन् लाडू घेऊन माघारी आला. तोंडच उघडलं न्हाई त्याचं. भिंतीतल्या देवळीत ठेवले. आम्ही लहान पोरं, पन कुनाला हात लावू दिला न्हाई. बुरशी आली तव्हा नदीत सोडले." मग डोळे पुसून म्हणाला, "लिहा कडूबाचं नाव. आत्यानं तिच्या लेकासाठी केल्ते ते."

मला पुरावा मिळाला आणि मला वाईट वाटलं, साधं सरळ वाईट. शिळेवर प्रत्येक नावाखाली मृत्यूची तारीख येणार होती. कल्याणची डिसेंबरातली. ती कोरली की सोनूबाईला कळणार, लाडू झाले तेव्हा दादा नव्हताच. बापाचं नाव देताना मी तिच्या आईचा घास काढून घेत होतो.

केदारखेड्याला गेलो. माऊलीनं स्वतःहून कबूल केलं, बापाचं नाव येणार, असं सांगितलं. तिनं पदरानं तोंड झाकलं. सावरल्यावर मी जन्मात पहिल्यांदा तारखेबाबत खोटं बोललो.

"दगडावर जागा कमी आहे, बाई. कल्याणची तारीख गाळावी लागेल."

"बाकीच्यांच्या हायेत का?"

"आहेत."

"मंग याचीच जागा कशी कमी पडली?"

मी चष्मा पुसत बसलो.

"मास्तर, लढाई संक्रांतीच्या आधीच सरली होती. चावडीवरच्या रेडिओत सांगितलं, गावात गूळ वाटला. फाल्गुनात मामा म्हनला, दादा लढाईत गेला, तव्हाच मला कळलं. बापाला कळलं. साऱ्या गावाला कळलं."

"आणि आई?"

"तिला कुनी हिशेब करू दिला न्हाई. खाऊन गेला म्हनायची, आम्ही व्हय म्हनायचो. बाप मरेपर्यंत म्हनला, शेजारपाजार म्हनला." मग तिनंच विचारलं. "लाडवाचं काय झालं, तेवढं मला म्हाईत न्हाई. मामाच्या घरी खाल्ले का?"

मी माऊलीचं सगळं सांगितलं, देवळीचं, बुरशीचं, नदीचं. तिनं ते नीट ऐकलं.

"कुनीच न्हाई खाल्ले?"

"कोणीच नाही."

"बरं केलं मामानं," ती म्हणाली. "तारीख टाका मंग. आता आई न्हाई."