सतरा वेळा अंतिम

माझी काच आणि माझी पाठ यांच्यामध्ये डाव्या कडेला एक फट पडली आहे. सोमवारी ती एक मिलिमीटर होती, गुरुवारी दीड झाली आणि आज, रविवारी सकाळी, पावणेदोन. हे मी मनाने सांगत नाही. माझ्या मालकिणीने पट्टी लावून मोजलं आणि तारखेसह वहीत लिहून ठेवलं. घरात कोणी आजारी पडलं तर ताप मोजतात, हे मलाही ठाऊक आहे. पण नुसता ताप मोजत तीन आठवडे स्वस्थ बसणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय. मी त्याच्या खिशात राहायचो.

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी बॅटरी फुगली आहे, म्हणून ही फट. दुरुस्तीवाल्याने मला तळहातावर ठेवून निरखलं आणि म्हणाला, "ताई, याला आता चार्जिंगला लावायचं नाही. पेट घेईल. आहे तेवढ्या चार्जमध्ये जे काढायचं ते काढून घ्या, मग माझ्याकडे आणून द्या. या मॉडेलची बॅटरी आता मिळत नाही." तेव्हा माझ्यात एक्केचाळीस टक्के जीव होता. मला बंद करून काचेच्या बशीत ठेवण्यात आलं आणि घरात शोककळा पसरली. माझ्यासाठी नव्हे हो. माझ्या पोटातल्या एका गाण्यासाठी.

एका लांबलचक पांढऱ्या कारखान्यात माझा जन्म झाला. टोप्या घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात चिमट्याने एकेक भाग बसवला. मग खोकं, मग दुकानाची काच, आणि मग हिचे हात. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली, त्याच महिन्यात तिने मला घेतलं. पहिले काही दिवस माझे काय लाड झाले! तिची आई मला टेबलावर ठेवण्याआधी टेबल पुसायची. धाकटा भाऊ "एकदाच बघू दे ना, ताई" म्हणून मागे मागे फिरायचा.

मग तिने माझ्यात ते अ‍ॅप घातलं. काचेवर सोळा चौकोन. प्रत्येक चौकोनात एक आवाज भरायचा आणि बोटाने वाजवायचा. लोक त्यात ढोल भरतात, गिटार भरतात. हिने काय भरावं? काचेच्या बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज. थांबत आलेल्या यंत्राची उतरती घरघर. चंचुपात्रावर काचकांडी आपटल्याचा 'टिंग'. नळातून पडणारा एकेक थेंब. जेवणाच्या सुट्टीत ती मला पाण्याच्या नमुन्यांशेजारी ठेवायची आणि दोन बोटांनी ठोकत बसायची. सोबतच्या बायकांनी तिचं नाव 'टकटक' ठेवलं. "टकटक, डबा उघड आधी, मग मोबाइल बडव," असं त्या म्हणायच्या. बडव हा शब्द मला अजिबात अतिशयोक्तीचा वाटत नाही.

पण खरं सांगतो, त्या काचपाण्यातून एक चाल उभी राहिली. साडेचार मिनिटांची. संथ पाण्यावरून होडी जावी तशी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि शाळाशाळांतून बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या काकूंनी ती खिडकीतून ऐकली आणि जिना उतरून विचारायला आल्या. "अगं, हे तू केलंस? माझ्या नव्या खेळात होडी आहे. मला दे ना हे. फक्त प्रत्येक आवाज वेगळा दे. बाहुलीचा दोरा अडकला तर मला थेंब चालू ठेवून बाकीचं थांबवता यायला हवं."

"देते," ही म्हणाली. त्याला दोन वर्षं झाली.

आता दोन वर्षं काय केलं, ते ऐका. प्रयोगशाळेत एक शिस्त असते. अहवालावर सही होईपर्यंत पाण्याचा नमुना फेकायचा नाही, आणि शंका आली की पुन्हा तपासायचं. चांगली शिस्त आहे, पाण्यासाठी. हिने ती गाण्याला लावली. थेंब जरा हळू करून पाहिला, की जुनं तसंच ठेवून नवी प्रत. 'होडी अंतिम'. मग 'होडी अंतिम २'. मग 'अंतिम सुधारित'. 'अंतिम खरोखर'. एकूण सतरा प्रती. 'जागा संपत आली आहे' असं मी तिला दिवसातून चार वेळा कळवायचो. ती माझं म्हणणं अंगठ्याने बाजूला सारायची. ते अ‍ॅप बनवणाऱ्यांनी दुकान गुंडाळलं, नव्या मोबाइलवर ते उघडत नाही, हेही माझं सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी!

आणि आता गुरुवारी खेळाचा पहिला प्रयोग आहे. हे संगीत मिळालं नाही तर काकू होडीचा प्रवेशच गाळणार आहेत.

म्हणून आज सकाळी मला बशीसकट भावाच्या टेबलावर आणलं. त्याच्या कॉम्प्युटरवर संगीताचा मोठा प्रोग्रॅम आहे. पडद्यावर आडव्या पट्ट्याच पट्ट्या, एकेका आवाजाची एकेक पट्टी. तो शाळांच्या ध्वनिमुद्रित धड्यांची काटछाट करतो. चोख माणूस, पण जरा जास्तच चोख.

मला जागं केलं. तिने सतरावी प्रत उघडली आणि चौदा आवाजांच्या चौदा फाइली काढल्या. मी तापलो, धापा टाकल्या. सहा टक्के गेले. उरले पस्तीस. भावाने फाइली पट्ट्यांवर ठेवल्या आणि सुरू केलं. बुचं, काचा, थेंब आणि घरघर, सगळं पहिल्याच क्षणाला एकदम कोसळलं.

स्वयंपाकघरातून आई धावत आली. "काय पडलं? मांडणी पडली का?"

"काही नाही गं. ताईची होडी बुडाली," भाऊ म्हणाला.

चूक साधी होती. प्रत्येक फाइल आपापल्या पहिल्या आवाजापासून सुरू झाली होती आणि त्याआधीची शांतता कापली गेली होती. जो थेंब दोन मिनिटांनी पडायचा तो दारातच येऊन उभा राहिला. अ‍ॅपमध्ये त्यासाठी एक बारीकसं बटण होतं, 'सुरुवातीपासून काढा'. सात वर्षांत तिने ते एकदाही दाबलं नव्हतं. कशाला दाबेल? बाहेर काही काढायचंच नव्हतं ना!

पुन्हा चौदा फाइली. उरले एकोणतीस. या वेळी सगळं जागच्या जागी बसलं. मग भावाने काय करावं? एक कळ दाबली आणि सगळे ठोके घड्याळाच्या काट्यावर सरळ करून टाकले.

"हे काय केलंस?"

"नीट केलं. तुझे थेंब उशिरा पडत होते. काही काही तर चाळीस मिलिसेकंदांनी."

"ते तसेच पडतात."

"ताई, तू पाण्याची परीक्षा घेतेस ना? मग चुकलेलं बरोबर करायला नको?"

"अरे, ही होडी आहे की कवायत? कर पूर्वीसारखं."

त्याने केलं, नाक मुरडत. तिने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "यात काहीतरी कमी आहे. चौदावी प्रत काढून बघू."

उरले तेवीस. चौदावीतही काहीतरी कमीच निघालं. ते काय, हे मला माहीत होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नाही याचा इतका संताप आयुष्यात कधी आला नव्हता. अकरावी प्रत, अगं, अकरावी! त्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. थेंब मोजता मोजता ती नकळत गुणगुणली होती आणि तो आवाज थेंबाबरोबर माझ्यात आला होता. बारीक, किंचित कापरा, पाण्यावरच्या उन्हासारखा. बाराव्या प्रतीपासून तिने तो खरवडून काढला. लहानपणी शाळेच्या समूहगानात बाईंनी तिला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून ती बाटल्यांना गायला लावते आणि स्वतः गप्प राहते.

तेवढ्यात मी वाजलो. वरच्या काकू. आठ मिनिटं बोलल्या, आणि तेही माझ्यावरून, माझ्याच जिवावर!

"मिळतंय ना गं गुरुवारपर्यंत?"

"काकू, सतरा आहेत. सगळ्यात चांगलं कोणतं ते ठरवतेय."

"मला सगळ्यात चांगलं नकोच आहे मुळी. मला गुरुवारी हवंय. पोरं समोर बसलेली असतात, त्यांना सतरा होड्या दिसत नाहीत. एक दिसते. एक तर सोड पाण्यात!"

फोन ठेवला तेव्हा माझ्यात अठरा टक्के उरले होते. ती वही उघडून बघत बसली. दहा टक्क्यांना मी तीनदा अचानक मिटलो होतो, हे तिनेच लिहून ठेवलेलं. अठरातून सहा वजा. म्हणजे एकच प्रत निघणार. ती काढली की मी कायमचा मिटणार, आणि बाकीच्या माझ्याबरोबर जाणार.

"कोणती?" भावाने विचारलं. तिचं बोट अकराव्या प्रतीवर टेकलं, गाणं सुरू झालं आणि खोलीत ते गुणगुणणं ऐकू आलं. तिने घाईने थांबवलं.

"थांब, थांब. हे कोण गात होतं?" भाऊ म्हणाला.

"कोणी नाही. चुकून आलंय. काढून टाकलं मी ते नंतर."

"म्हणजे हेच कमी होतं." तो प्रथमच हळू बोलला. "ताई, हा आवाज तर कुठेच वेळेवर नाही."

"माहितेय."

"मी याला हात लावणार नाही."

दाराशी आई उभी होती. हात पुसता पुसता म्हणाली, "घरात एवढी वर्षं राहते, आणि गाते कुठे तर बाटल्यांपुढे. धन्य आहे."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्या पोटात तुम्ही जे जपून ठेवता, ते वेळेत बाहेर काढत जा. आम्ही फुगतो, मिटतो, आमचे बनवणारे दुकान बंद करून निघून जातात. आमची काच पुसलीत नाही तरी चालेल. पण तुमचा आवाज आमच्यात कोंडून ठेवू नका, तो आमचा नाही. आणि कोणी विचारलं तर त्याला उत्तर द्या.

सतरा टक्के झाले. भाऊ कॉम्प्युटरपुढे थांबून होता. आईही जागची हलली नाही. माझी मालकीण माझ्या काचेकडे पाहत राहिली. मग तिने ताठ बसून मोठा श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अकरावी घे. गुणगुणण्यासकट."