भाविकाच्या पायापाशी

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे, पाट्यावर मसाला वाटायचा लांबट गोल दगड. चिंचणीला आत्मारामच्या घरी राहतो. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. पण माझ्या हातून जे झाले, ते मीच सांगितलेले बरे.

माझा जन्म मारातूनच झाला. पाथरवटाने खडक फोडला आणि छिन्नीने माझे कोपरे उडवले. मग मीही आयुष्यभर फोडतच राहिलो. लसूण ठेचला, सुक्या बोंबलांचे काटे पिठासारखे केले. घरात मिक्सर आला, तरी आत्मारामची बायको सुलू म्हणायची, "बोंबलाची चटणी ह्याच्याबिगर नाय." मला फार बरे वाटायचे.

फक्त एकदा मला कोणी फोडायला उचलले नाही. सुलूच्या मुलीचे बारसे होते. रीतीप्रमाणे बायकांनी मला कुंची घातली, बाळासारखे दोन्ही हातांवर घेऊन पाळण्याच्या वरून-खालून फिरवले आणि शेवटी बाळाच्या पायापाशी निजवले. तिचे नाव भाविका ठेवले. तिची मऊ पावले माझ्या अंगाला लागत होती.

तीच पावले पुढे कबड्डीच्या मैदानात धावू लागली. गेल्या वर्षी ती बोईसरहून सामना खेळून उशिरा घरी आली. तिला पाहायला आलेले पाहुणे वाट पाहून निघून गेले होते.

"दोन तास बसले लोक! मी तोंड कुठं लपवू?" आत्माराम ओरडला.

"सामना हाय म्हणून सांगितलं होतं ना, बाबा? तरी बोलावलंत कशाला?"

"ह्या बुटांनीच डोकं फिरलंय तुझं!"

बूट उंबऱ्याशी होते. आत्मारामने मला पाट्यावरून उचलले आणि बुटांवर भिरकावले. बूट वाचवायला भाविकाने पाय पुढे घातला. मी लसणावर पडतो तसा त्या पावलावर पडलो. आतली हाडे मोडलेली मला कळली. रक्त माझ्यावर उडाले. तिच्या किंकाळीने शेजारीपाजारी धावत आले.

आत्मारामने मला विहिरीमागे फेकून दिले. कित्येक महिने मी गवतात पडून होतो. ते रक्त पावसानेच धुतले.

एके दिवशी सुलूने मला घासून घरात आणले. भाविकाच्या पावलावर शस्त्रक्रिया झाली होती, हाडांत तारा घातल्या होत्या. प्लास्टर निघाले, तरी पाऊल लाकडासारखे ताठ होते. व्यायाम शिकवणाऱ्या स्वातीताईंनी पायाखाली बाटली फिरवायला सांगितले होते. घरातल्या बाटल्या चेपून गेल्या, म्हणून सुलूने मला तिच्या पायाशी ठेवले.

"हा? ह्यानंच तर फोडला!" भाविका किंचाळली.

"म्हणूनच," सुलू म्हणाली. "फोडलाय त्यानं, आता राबू दे त्यालाच. फुकट नाय सोडायचा."

भाविकाने दात आवळून माझ्यावर पाऊल ठेवले. वेदनेने ती मला शिव्या देई, भिंतीवर मुठी आपटी, पुन्हा पाऊल ठेवी. मी घरंगळू लागलो की आत्माराम धरायला वाके.

"तुमी हात लावू नका."

तो मागे सरे. बापाशी ती तेवढेच बोले.

पुढे ती टाचा उचलू लागली, मग अंगणात उड्या मारू लागली. कितीदा तोंडावर आपटली. गुडघे फुटले, पण मैदानाचा नाद सुटला नाही.

परवा ती पुन्हा सामना खेळली. घरी आली तेव्हा ओठ फाटला होता, पाऊल सुजले होते आणि डोळे चमकत होते. ती उंबऱ्यावर बसली आणि पाय लांब केला.

"बाबा, वरवंटा द्या."

आत्मारामला आधी खरेच वाटले नाही. मग त्याने मला उचलले, दोन्ही हातांवर, बारशाला बायकांनी घेतले होते तसे. तो खाली बसला आणि त्याने मला तिच्या पायापाशी हळूच ठेवले.

"धरून ठेवा. घरंगळतो तो," ती म्हणाली.

मित्रांनो, मला स्वतःला उठता येत नाही आणि थांबताही येत नाही. राग आला की माझ्याकडे हात नेऊ नका. आणि कधी उचललेच, तर दोन्ही हातांनी उचला.